यंदा मागे घेतलेलं वाक्य

आमच्या त्रैमासिकाचा वार्षिक अहवाल चुकांपासून सुरू व्हायचा. इतर संस्थांचे अहवाल मी ऐकलेले आहेत. त्यांत आधी आभार, मग वाढलेले सभासद, मग पुढच्या वर्षीचे संकल्प. आमचे संपादक डॉक्टर विजयादशमीच्या सकाळी गच्चीवर उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि जमलेल्या मंडळींना म्हणायचे, "ह्या वर्षी आपण काय काय चुकीचं छापलं, ते आधी ऐका."

आणि मग ते खरोखरच वाचायचे. अमक्या अंकात औषधाच्या मात्रेतला दशांशचिन्हाचा ठिपका सरकला. तमक्या अंकात फुरशाचं चित्र घोणशीच्या नावाखाली गेलं. हे सगळं ते अशा आनंदानं सांगायचे की नवीन माणसाला वाटावं, घरात लग्न निघालं आहे. शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. "आता सांगा, यंदा आपण कोणतं वाक्य मागे घेतलं?" म्हणजे गेल्या वर्षापर्यंत जे खरं मानत होतो, त्यातलं काय यंदा सोडून दिलं. काहीच सोडलं नसेल, तर त्यांच्या मते ते वर्ष फुकट गेलं. मग लेख कितीही छापलेले असोत.

हे त्रैमासिक फक्त सर्पदंशाचं. या एकाच विषयाला वाहिलेलं इंग्रजी त्रैमासिक तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीतून निघतं, हे सांगितलं की साताऱ्याकडच्या माझ्या नातेवाइकांना ती थट्टा वाटायची. पण कावेरीच्या या भागात नजर पोचेल तिथवर भात. भात आहे म्हणून उंदीर, उंदीर आहेत म्हणून साप, आणि चिखलात अनवाणी उभी असलेली माणसं. डॉक्टरांनी सरकारी नोकरीत उभी हयात याच दंशांवर काढली होती. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी हे त्रैमासिक मांडलं.

मी तिथं पोचले ती नवऱ्याच्या बदलीमुळे. प्राणिशास्त्रातली पदवी होती, तमिळ येत नव्हतं, दिवस जाता जात नव्हता. शेजारणीनं सांगितलं की राजवाड्याकडच्या एका मराठी डॉक्टरांना मदतनीस हवी आहे. मी गेले. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, वर इस्त्रीचा सदरा आणि पायांत कॅनव्हासचे गुडघ्याशी येणारे बूट, अशा वेषात ते स्वतःच्याच घरात बसलेले होते. बूट का, असं मी पुढं कधीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळ्यांस बूट घाला म्हणून सांगतों. मी घरात सपाता घातल्या तर कोण ऐकेल?"

मुलाखत म्हणून त्यांनी माझ्यापुढं एक दोन पानांचा लेख सरकवला. शेतात साप चावलेल्या एका बाईची हकिगत होती. "वाचा आणि ह्यात कोण नाहीं ते सांगा," म्हणाले. मी दोनदा वाचलं. तपासण्या होत्या, औषधं होती, संदर्भ होते. घाबरत म्हटलं, "यात ती बाईच नाही."

ते एकदम उठून उभे राहिले. "बरोबर! साप चावला तेव्हा तिचा हात कशांत होता? रोपांत, गवतांत, की चुलीमागच्या लाकडांत? ती दवाखान्यास कशी आली? कोणी आणटलं? काहीं नाहीं." मग आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अगे, ह्यांस कापी आण!" कॉफी आली, म्हणजे मला नोकरी लागली होती.

त्यांच्या बोलण्यातली मराठी पहिल्या दिवशी मला अर्धीच समजली. 'कुठं'चं 'कोटं', 'म्हटलं'चं 'म्हणटलं', आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचललेला. मध्येच एखादा शब्द असा यायचा की माझी पणजी तो वापरायची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण देवनागरी अक्षर ओळखता येत नव्हतं. मी सवयीनं त्यांच्या टेबलावर मराठीत चिठ्ठी ठेवली, तर ती हातात धरून माझ्याकडे आले. "काय लिहिलांत, वाचा की." वाचून दाखवली. म्हणाले, "तुमची मराठी पुस्तकांतली आहे बाई. आमची सैंपाकघरांतली. पण दोन्ही चालतात."

तमिळमध्ये संपादकाला आणि शिक्षकाला एकच शब्द आहे, आसिरियर. गल्लीतले लोक त्यांना त्याच नावानं हाक मारत, आणि कोणता अर्थ धरायचा हा प्रश्न मला कधी पडला नाही. कोणताही लेख ते मोठ्यानं वाचत. एका दमात वाचून होत नाही ते वाक्य तोडायचं, हा नियम. "सिग्निफिकंट", म्हणजे लक्षणीय, या शब्दावर त्यांचा राग होता. "कोणी लक्ष दिलं, ते लिहा," म्हणायचे. लेख परत पाठवायचा असेल तर पत्र पाठवत नसत, फोन करत. तोही सकाळी, लेखक दवाखान्यात जायच्या आधी. तालुक्यांच्या गावचे तरुण डॉक्टर त्या फोनला घाबरत. एकानं मला सांगितलं होतं, "सरांचा फोन आला की मी उभा राहूनच बोलतो." पण त्याच डॉक्टरचा लेख चार वेळा परत जाऊन पाचव्यांदा छापला गेला तेव्हा तो अंक घेऊन तो आईवडिलांसह आमच्याकडे आला होता, आणि डॉक्टरांनी त्याच्या आईला तो लेख तमिळमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितला होता.

सरस्वतीपूजेच्या दिवशी वर्षाचे चारही अंक देवीपुढे गंध-कुंकू लावून ठेवले जायचे. त्या दिवशी तिकडे कोणी काही वाचत नाही, लिहीत नाही. डॉक्टरांना तो दिवस फार जड जायचा. सकाळपासून घरभर फिरायचे. एकदा मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "मघा उदबत्तीच्या पुडक्यावरचं वाचत होते. मी पुडकंच काढून घेतलं."

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, ते वर्ष आमच्यासाठी मोठं असणार होतं. जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांची एक सूची असते. त्या सूचीत नाव आलं की लेख सगळीकडे सापडू लागतात आणि लेखकांना त्याचा उपयोग होतो. आम्ही अर्ज केला होता. त्या वर्षाचे अंक सूचीचे परीक्षक पाहणार होते. आमच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष चेन्नईचे एक प्रोफेसर होते. मोठे विद्वान, आणि डॉक्टरांचे कॉलेजपासूनचे मित्र. ते आठवड्याला फोन करून विचारायचे, "सगळं ठीक चाललं आहे ना? या वर्षी काही भानगड नको."

भानगड पापनाशमच्या बाजूनं आली. तिकडच्या एका लहान सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लेख पाठवला. लेख मण्यारीच्या दंशाबद्दल होता. मण्यार बहुतेक झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो आणि मग केव्हातरी त्याच्या पापण्या मिटायला लागतात, श्वास अडकायला लागतो. या बाईंनी लिहिलं होतं की दवाखान्यांतल्या "प्रचलित तक्त्याप्रमाणे" असे काही रुग्ण थोडे तास पाहून घरी पाठवले गेले, आणि ते फार वाईट अवस्थेत परत आले. त्यांतली एक बाई वाचली नाही.

डॉक्टर नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचत होते. "प्रचलित तक्ता" या शब्दांपाशी थांबले. मागं गेले, पुन्हा वाचलं. मग कागद खाली ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहू लागले. तिथं तो तक्ता लावलेला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता, आमच्याच अंकात आला होता, आणि लोकांना इतका आवडला होता की कितीतरी दवाखान्यांनी तो मोठा छापून भिंतीवर लावला होता. खूण नाही, सूज नाही, रक्त नीट गोठतं आहे, तर थोडे तास पाहून घरी पाठवावे. त्यांचं सर्वांत गाजलेलं वाक्य तेच होतं.

मग ते म्हणाले, "तिला बोलवा."

ती दोन दिवसांनी वडिलांना घेऊन आली. चेहरा उतरलेला. येताना बसमध्ये ती सारखी सांगत होती की लेख परत मागून घेऊ, असं तिच्या वडिलांनी मला नंतर सांगितलं. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "हा प्रचलित तक्ता कोणी लिहिला?"

तिनं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"माहीत आहे की नाही?"

"माहीत आहे, सर."

"मग लिहिलं का नाही? वाचणाऱ्याला कळायला नको, कोणाचं मत चुकलं ते?" हे सगळं तमिळमध्ये, जे एव्हाना मलाही समजू लागलं होतं, आणि अगदी शांतपणे. "तुमचा लेख चांगला आहे. पण तुम्ही भ्यायलेल्या आहात, आणि भ्यायलेल्या माणसाचं वाक्य लांब होतं. हे बघा, हे केवढं झालं आहे." आणि त्यांनी पेन्सिल घेतली. 'प्रचलित तक्ता' खोडून वर लिहिलं: या त्रैमासिकाने प्रसिद्ध केलेला, प्रस्तुत संपादकांनी लिहिलेला तक्ता. मग पेन्सिल तिच्या हातात दिली. "आता मी ह्या लेखाला हात लावणार नाही. माझ्याविरुद्धचा लेख मीच तपासणं बरोबर नाही. ह्या आमच्या बाई बघतील, आणि बाहेरचे परीक्षक बघतील."

बाहेरच्या परीक्षकांनी लेख उत्तम ठरवला. पण प्रोफेसर स्वतः चेन्नईहून आले. त्या दिवशीचं बोलणं मला चांगलं आठवतं, कारण ते एकमेकांवर कधीच आवाज चढवत नसत आणि त्या दिवशी प्रोफेसरांनी चढवला.

"छापू नको असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "एक अंक थांब म्हणतो. सूचीचे परीक्षक आता बघताहेत. संपादकाचंच मुख्य मत चुकीचं निघालं, असं त्यांनी पहिल्याच पानावर वाचायचं? इतकी वर्षं घालवलीस तू या कामात!"

"लेखाचा निर्णय मंडळाचा," डॉक्टर म्हणाले. "मी त्यातून बाजूला झालो आहे. पण तक्ता माझा आहे. तो मी उद्यापासून काढतो."

"काढतो म्हणजे?"

"भिंतीवरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बूट घालून, खांद्याला पिशवी लावून बसस्टँडवर गेले. जवळच्या तिरुवैयारू गावापासून सुरुवात केली. मीही सोबत गेले, कारण मामींनी मला तसं बजावलं होतं. दवाखान्यात शिरायचं, मोठ्या डॉक्टरांना नमस्कार करायचा, तो तक्ता कुठं लावला आहे विचारायचं, आणि नखांनी चिकटपट्टी सोडवून तो खाली उतरवायचा. त्या जागी हातानं लिहिलेला नवा कागद लावायचा. जमिनीवर झोपणारा माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला, तर खूण नसली तरी दिवसरात्र ठेवून घ्या. पापण्यांवर नजर ठेवा. एका ठिकाणी एक परिचारिका अडवायला आली. "अय्या, हा तक्ता आसिरियरांचा आहे, काढू नका." ते म्हणाले, "अम्मा, त्यांनीच पाठवलं आहे मला." तिनं ओळखलं नाही. स्टूल मात्र आणून दिलं.

आठवडाभर हे चाललं. त्या आठवड्यात प्रोफेसरांना ठिकठिकाणचे फोन गेले, की तुमचे संपादक येऊन स्वतःचाच तक्ता उतरवताहेत, काय झालं आहे? त्यांनी मला फोन केला. किती ठिकाणचे तक्ते उतरले, ते विचारलं. मग म्हणाले, "तो लेख पहिला घ्या. आणि माझं नाव टाकून दोन ओळी मी लिहून देतो, की मंडळानं हा लेख एकमतानं स्वीकारला." दोन ओळींच्या जागी त्यांनी पानभर लिहून पाठवलं. त्यात आपल्या मित्राबद्दल जे होतं, ते डॉक्टरांनी वाचलं असतं तर नक्की खोडलं असतं. पण त्यांनी लेखाला हात न लावायचं कबूल केलं होतं. त्याचा फायदा आम्ही घेतला.

त्या वर्षी सूचीत आमचं नाव आलं नाही. कारण दुसरंच होतं, परदेशी लेखक कमी पडतात म्हणे. विजयादशमीला गच्चीवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि या खेपेला उत्तराची वाट न बघता स्वतःच ते जुनं वाक्य पाठ म्हणून दाखवलं. मग खाली बसले. डांगर पचडी आणि दहीभात झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून संपादक पापनाशमच्या डॉक्टरीणबाई. ती बिचारी हातात भाताचं पान घेऊन रडायला लागली. तिचे वडील तिला म्हणाले, "अगं, आधी जेवून घे."

पुढं दोन वर्षांनी सूचीत नाव आलं. डॉक्टर तेव्हा मुलीकडे तिरुवैयारूला राहायला गेले होते. मी फोनवर बातमी दिली तर म्हणाले, "नाव बरोबर छापलं आहे कां बघितलांत? सर्पदंशाचं स्पेलिंग?" बघितलं. बरोबर होतं. त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

पण डॉक्टर म्हटलं की मला गच्ची आठवत नाही, ती सूचीही आठवत नाही. तक्ते काढण्याच्या त्या आठवड्यातला शेवटचा दिवस आठवतो.

लेखातली जी बाई वाचली नाही, तिच्या घरी त्यांना जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी घरच्यांना विचारलं, चालेल का म्हणून. ते हो म्हणाले. पापनाशमपासून आत, कालव्याच्या कडेला वस्ती होती. नवरा शेतमजूर, तिशी-पस्तिशीचा. घराच्या ओट्यावर त्याची म्हातारी आई आणि एक लहान मुलगी. आम्हाला चटई टाकली. डॉक्टर बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"तुमच्या बायकोला दवाखान्यातून घरी पाठवलं. तिथल्या डॉक्टरांची चूक नव्हती. भिंतीवर एक कागद होता, त्यात लिहिलं होतं तसं त्यांनी केलं. तो कागद मी लिहिला होता. ते चुकीचं होतं. हे तुम्हाला सांगायला आलो."

कालव्यापलीकडे कोणीतरी बैल हाकत होतं. नवरा डॉक्टरांच्या बुटांकडे बघत होता. मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

त्यानं विचारलं, "आता त्या कागदावर काय लिहिलं आहे?"

डॉक्टरांनी सांगितलं. तो म्हणाला, "परत सांगा." मग उठून त्यानं शेजारच्या घरांकडे तोंड करून हाका मारल्या. बायका आल्या, भाताची मळणी सोडून दोघे-तिघे पुरुष आले. "आता सगळ्यांना सांगा," तो म्हणाला. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. पहाटे पोट दुखलं तर घरगुती काढा करत बसू नका. जमिनीवर झोपू नका.

"खाटा कुठून आणायच्या?" म्हातारी म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "खाट नसेल तर मच्छरदाणी. तिच्या कडा चटईखाली दाबायच्या. सापाला आत येता येत नाही."

"मच्छरदाणी आहे की. कोंबडीच्या पिलांवर घातली आहे."

बायका हसल्या. नवराही हसला, आणि लगेच हसल्याचं वाईट वाटून त्यानं तोंड फिरवलं. मग तो मागच्या अंगणात गेला आणि ती मच्छरदाणी झटकत घेऊन आला. डॉक्टरांनी ओट्याच्या खांबांना तिच्या दोऱ्या बांधल्या. त्यांना गुडघे वाकवणं सोपं नव्हतं. चटईवर टेकत टेकत ते आत शिरले, बुटांसकट आडवे झाले, आणि आतूनच एकेक कड चटईखाली दाबून दाखवू लागले. एवढा मोठा माणूस भरदुपारी मच्छरदाणीत झोपलेला पाहून ती मुलगी आजीच्या पदराआडून बाहेर आली.

नवरा खाली बसला. मच्छरदाणीच्या कडेनं हात फिरवत पायांपाशी आला आणि थांबला.

"इथं सैल राहिलं आहे," तो म्हणाला.

"दाबा," आतून डॉक्टर म्हणाले. "आणि बघा, अजून कुठं सैल आहे ते सांगा."

त्यानं ती कड नीट आत खोचली. मग गुडघ्यांवर सरकत, हातानं चाचपत, तो दुसऱ्या बाजूला गेला. आम्ही सगळे बघत उभे होतो. डॉक्टर निमूट पडून होते, आणि तो माणूस त्यांच्याभोवती चारही बाजूंनी मच्छरदाणी दाबत फिरत होता.